तलाव पेटला, पुढे काय? : कृषिविषयक लेखांचे मथळे आणि मजकूर

बंगळूर शहरातील सर्वांत मोठा तलाव म्हणजे बेळ्ळंदूर. क्षेत्रफळ सुमारे ९०० एकर. मे २०१५ मध्ये या तलावावरील फेसाला आग लागली, १६ फेब्रुवारी २०१७ रोजी तलावातून पुन्हा धूर निघाला आणि १९ जानेवारी २०१८ रोजी लागलेली आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना उतरावे लागले. तिन्ही वेळी ‘तलाव पेटला’ या अर्थाचे मथळे देशाबाहेरही पोहोचले. कृषी व पर्यावरणविषयक लेखन करणाऱ्यांनी या मथळ्याचा अभ्यास करावा असा तो आहे, कारण त्याचे बळ आणि त्याची उणीव एकाच ठिकाणी पाहावयास मिळते.

बळ उघड आहे. पाणी आग विझविते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. तेच पाणी पेटले म्हटल्यावर वाचक थांबतो. येथे एकही विशेषण नाही, उद्गारचिन्हाची गरज नाही. विसंगती घटनेतच होती आणि मथळ्याने ती फक्त समोर ठेवली. लक्ष वेधून घेण्याची हीच प्रामाणिक रीत होय. ‘भयंकर’, ‘खळबळजनक’, ‘थक्क करणारे’ हे शब्द बहुधा तेव्हाच लागतात, जेव्हा मजकुरात थांबण्याजोगे काही नसते. अशा मथळ्याचा परिणामही झाला. २०१७ च्या आगीच्या बातम्यांची राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली आणि सांडपाण्याचा प्रश्न यंत्रणांना टाळता येईनासा झाला.

उणीव त्यापुढे सुरू होते. पेटले ते नेमके काय? पाणी तर पेटत नाही. शहराचे अर्धवट प्रक्रिया केलेले किंवा अजिबात प्रक्रिया न केलेले सांडपाणी तलावात येत होते. त्यातील धुलाई पावडरींमधील द्रव्यांमुळे पाणी सांडव्यावरून खाली पडताना फेस उसळे. नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजे. ती कुजून तळाशी मिथेन तयार होई. काठावर कचरा टाकला जाई, तोही पेटविला जाई. २०१८ ची आग मुख्यतः तलावाच्या कोरड्या पडलेल्या भागातील वाळक्या गवताला लागलेली होती. म्हणजे तीन आगींचे एकच कारण सांगता येत नाही. मथळा दोन शब्दांचा असला तरी लेखाने हा भेद तिसऱ्या-चौथ्या वाक्यापर्यंत स्पष्ट करावयास हवा. अनेक वृत्तांतांत मात्र आश्चर्य संपले आणि लेखही संपला.

शेतकरी वाचकाचा प्रश्न तर त्याहून निराळा असतो. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूर तलावात जाते, तेथून दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते आणि पुढे तामिळनाडूत शिरते. या वाटेवर भाजीपाला होतो, गुरांसाठी हिरवा चारा कापला जातो. या पाण्यावर काय पिकवावे, काय टाळावे, चारा दुभत्या जनावरांना घालावा की नाही, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. आगीचे छायाचित्र पाहून थांबलेल्या या वाचकाला चौथ्या परिच्छेदापर्यंत यातले काहीच मिळाले नाही, तर तो पुढचा लेख उघडणार नाही.

याच्या नेमका उलट दोष संशोधन संस्थांच्या लेखनात आढळतो. ‘नागरी सांडपाण्याने सिंचित पर्णभाज्यांमधील जड धातूंच्या संचयनाचे तुलनात्मक मूल्यमापन’ असा मथळा शोधनिबंधाला शोभेल. शेतकऱ्यासाठी लिहिताना त्याच माहितीवर ‘सांडपाण्यावर पालक नको’ एवढे पुरे. येथे सोपे लिहिणे म्हणजे अचूकता सोडणे नव्हे. दुसऱ्या मथळ्यात पीक आहे, पाणी आहे, सल्ला आहे. पहिल्यात तिन्ही आहेत, पण ते शोधून काढावे लागतात.

मात्र ‘भाज्यांत विष’ असा तिसराही मार्ग असतो आणि तो सर्वांत महागात पडतो. मातीतील व पाण्यातील जड धातू सर्व भाज्यांत सारख्या प्रमाणात उतरत नाहीत. पालक, राजगिरा यांसारख्या पालेभाज्यांत ते सामान्यतः अधिक साचतात, फळभाज्यांत त्या मानाने कमी. विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर वांगी घेणाऱ्या शेतकऱ्याचा या दोषाशी संबंधच नसतो. तरीही मथळ्यात पीक, पाणी आणि परिसर यांपैकी काहीही नसले, तर दुसऱ्या दिवशी बाजारात ग्राहक त्याच्याही टोपलीकडे संशयाने पाहतो. मथळ्यातील एक गाळलेला शब्द अशा वेळी कोणाच्या तरी हंगामाची किंमत असतो. संपादकांनी जागेअभावी शब्द कापताना हे ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. विशेषण आधी कापावे, पिकाचे नाव शेवटपर्यंत राखावे.

नावांच्या बाबतीत कर्नाटकातीलच आणखी एक उदाहरण बोधप्रद आहे. मक्यावरील ‘फॉल आर्मीवर्म’ ही मूळची अमेरिका खंडातील कीड भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. मराठीत ‘लष्करी अळी’ हे नाव मात्र आधीपासूनच एका वेगळ्या, देशी किडीसाठी रूढ होते. नुसते ‘लष्करी अळी आली’ असे लिहिल्यास अनुभवी शेतकरी जुन्या किडीची आठवण काढून निर्धास्त राहण्याचा संभव होता. ‘अमेरिकन लष्करी अळी’ या नावामुळे मथळा एका शब्दाने लांबला, पण गोंधळ टळला. त्यापुढे लेखाने अळीच्या डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी खूण आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके सांगितले, की वाचक थेट पोंग्यात पाहू शकतो. ओळखीची खूण पहिल्या परिच्छेदात आणि किडीचा जगभरचा प्रवास शेवटी, हाच क्रम योग्य. प्रत्यक्षात बहुतेक लेख प्रवासापासूनच सुरू होतात.

दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा मथळा देणे सर्वांत अवघड. बंगळूरच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. दिवसाला ४४ कोटी लिटर पाण्याची ही योजना. त्याच वर्षी कोलारकडील तलावात फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ‘कोलारच्या तलावांत पाणी आले’ हे खरे. ‘शहराचे सांडपाणी कोलारात’ हेही खरे. पहिला मथळा धोका झाकतो, दुसरा आशा. ‘कोलारच्या तलावांत बंगळूरचे प्रक्रिया केलेले पाणी : शेतीला चालेल, पिण्याला?’ असा मथळा लांब आहे, परंतु वाद जेथे आहे तेथेच तो वाचकाला नेऊन सोडतो. मात्र प्रश्नार्थक मथळा द्यावयाचा तर लेखात उत्तराची सामग्री असलीच पाहिजे. दुय्यम प्रक्रियेने सेंद्रिय घाण बरीच निघते, पण विरघळलेले क्षार व धातू पूर्णपणे निघतीलच असे नाही. म्हणून तलावातून झिरपून ते पाणी विंधन विहिरींत कसे उतरते, याची तपासणी महत्त्वाची ठरते. एवढे न सांगता प्रश्नचिन्ह वापरणे ही फसवणूकच.

मराठीत या विद्येचा जुना नमुना म्हणजे महात्मा फुले यांचा १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’. कर, कर्ज, नोकरशाही असा किचकट विषय. पण नावातच हत्यार कोणाच्या हाती आहे ते कळते. या ग्रंथातील मजकूर फुल्यांनी गावोगावी लोकांना वाचून दाखविला होता. लेख धरून ठेवतो की नाही, हे जोखण्याची याहून चांगली कसोटी आजही नाही. मोठ्याने वाचताना जेथे श्वास अपुरा पडतो तेथे वाक्य तोडावे. जेथे ऐकणारा ‘म्हणजे किती?’ असे विचारतो तेथे आकडा एकरी, लिटरमध्ये किंवा पंपाच्या हिशेबात द्यावा.

आजचा वाचक पुष्कळदा लेख पाहतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मथळ्याचे छायाचित्र एका गटातून दुसऱ्या गटात जाते, खालचा मजकूर मागे राहतो आणि दोन वर्षांपूर्वीचा कीड-इशारा या हंगामाचा म्हणून फिरू लागतो. त्यामुळे सल्ल्याच्या लेखात पीक, जिल्हा आणि महिना-वर्ष ही तिन्ही मथळ्यातच किंवा त्याला चिकटलेल्या पहिल्या ओळीत असावीत. औषधाची मात्रा मात्र मथळ्यात कधीही देऊ नये. ती पिकाची अवस्था, पाण्याचे प्रमाण व काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ यांच्यासह मजकुरात एकाच ठिकाणी द्यावी.