मल्टीमीटर ‘ओके’ दाखवतोय? तरी मेगर लावा

व्हिडिओत मेगरचं घाईत सांगितलं, इथे नीट बघू.

जोहे, हमरापूर म्हणजे गणपतीचे कारखाने. स्प्रे गन आली की कॉम्प्रेसर आलाच, आणि तो चालतो ऐन पावसाळ्यात. वाइंडिंगमध्ये ओल शिरली की करंट बॉडीवर उतरू शकतो. मोटर जळली तर भरता येते हो, पण अर्थिंग धड नसेल तर हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं.

मल्टीमीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, त्यामुळे कमजोर इन्सुलेशन त्याला ठणठणीत वाटतं. मेगर 500 व्होल्ट डीसी सोडून बघतो. (‘मेगर’ हे मुळात ब्रँडचं नाव, 1903 पासूनचं.)

प्लग काढा. कपॅसिटर डिस्चार्ज करून सोडवा. एक क्लिप वाइंडिंगच्या टोकाला, दुसरी बॉडीच्या उघड्या धातूला. रंगावर लावाल तर आकडा खोटा येईल. एक मिनिट थांबून रीडिंग घ्या. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर मशीन चालू करायचीच नाही. मी स्वतः 5 च्या वर असल्याशिवाय परत देत नाही. टेस्टनंतर वाइंडिंग पुन्हा डिस्चार्ज करा. इलेक्ट्रॉनिक कार्डाला मेगर लावू नका, कार्ड उडेल.

आता धंद्याचं. आकडा तारखेसकट वहीत लिहा. गेल्या वर्षी 80 होता, यंदा 8 आला, तर मोटर ‘पास’ असूनही ओल शिरतेय. हे गिऱ्हाइकाला वही उघडून दाखवा आणि सुकवून, वार्निश करून घ्यायला सांगा. मात्र मे महिन्यातच. जुलैत कारखानदार मशीन सोडणार नाही.