स्पीकरचे डबे हलके कसे करावेत?

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्राचे १२ इंची स्पीकरचे डबे १८ मिमी एमडीएफचे आहेत. चढवता-उतरवताना कंबर मोडते. नवे कशाचे करावेत?

उत्तर : बर्च प्लायचे. आठ बाय चारची १८ मिमी एमडीएफ शीट सुमारे ४० किलो भरते, १२ मिमी बर्च साधारण २४. मात्र फळी १८ची १२ मिमी केली, की त्याच लाकडाचा ताठपणा तिसऱ्या हिश्शाखाली जातो आणि डबा गुणगुणू लागतो. म्हणून समोरासमोरच्या भिंती जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आत द्याच, त्याही मधोमध नव्हे, जरा बाजूला. स्पीकर बसतो ती फळी १८ मिमीचीच ठेवा. पॉपलर प्लाय आणखी हलका, पण त्याचे कोपरे टेम्पोत लवकर चेपतात. शिवाय चुंबक बघा : फेराइटऐवजी निओडिमियमचा स्पीकर बराच हलका असतो, खिसा मात्र जड लागतो.