भ्रमाची किल्ली



काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील एका कॉलेजकुमाराने मित्रांच्या आग्रहाला बळी पडून एल.एस.डी. घेतली. रात्री त्याला भिंती श्वास घेताना दिसू लागल्या. "बाहेरची बाधा आहे, भगताकडे न्या," असे शेजारी म्हणाले. सुदैवाने आईने त्याला दवाखान्यात नेले. मी कलाशाखेचा पदवीधर. तरी त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचले. त्याचे सार येथे देत आहे.

हे द्रव्य अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तयार केले. १९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी ते स्वतः घेतले. अवघे २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. त्या दिवशी दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना चेटकीण भासली. शेजारीण तीच होती. बदल झाला होता तो त्यांच्या मेंदूत.

मेंदूतील पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. त्यांपैकी सेरोटोनिन हे रसायन, कुलपात किल्ली बसावी तसे, पेशीवरील ग्राहकात बसते. एल.एस.डी.ची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्याने ही बनावट किल्लीही त्याच कुलपात बसते. अशा ग्राहकांपैकी '५-एचटी२ए' हा येथे मुख्य होय. १९९८ साली झुरिच येथील प्रयोगात स्वयंसेवकांना हा ग्राहक अडविणारे औषध आधी दिले व नंतर विशिष्ट अळंबीतील सायलोसायबिन दिले, तेव्हा भास रोखले गेले. भासाचे मूळ भुताखेतांत नाही, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

आपण केवळ डोळ्यांनी पाहत नाही. डोळ्यांकडून आलेली माहिती व मेंदूचा पूर्वानुभव यांचा, आम्ही बँकेत खात्यांचा घालतो तसा, मेळ घातला जातो. तो मेळ बिघडला की भिंत हलते. 'मी'पणाशी निगडित भागांचा समन्वयही सैल होतो. म्हणून कोणाला विश्वाशी एकरूप झाल्यासारखे वाटते, तर कोणाला वेड लागल्याची भीती वाटते. घरात मनोविकाराचा इतिहास असल्यास धोका अधिक.

नैराश्यावर सायलोसायबिनचे प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत आहेत. परंतु ती घरी करून पाहण्याची गोष्ट नव्हे. १९८५ च्या कायद्यानुसार ही द्रव्ये बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे.

पाचवे शील आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्यामागचे कारणही समजावून सांगू या. आणि कोणाचे पाऊल घसरलेच, तर त्याला भगताकडे न नेता, न रागावता, डॉक्टरांकडे नेऊ या.