शेतावरील कामासाठी प्रथमोपचार प्रशिक्षण : निवड कशी करावी?



उरण तालुक्यातील जासई परिसरात एकाच घरात आज कामाच्या दोन जागा आढळतात. मुलगा कंटेनर यार्डात किंवा गोदामात जातो आणि आईवडील उरलेल्या खाचरात भात लावतात. गोदामातील मुलाला प्रथमोपचार शिकविलेला असला की घराची काळजी मिटली, असे बांधावरच्या चर्चेत मला अनेकदा ऐकायला मिळते. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. गोदामातील प्रशिक्षणात भर असतो तो आग, पडणारे ओझे आणि यंत्रात सापडणे यांवर. भाताच्या खाचरात फोर्कलिफ्ट नाही, पण फुरसे आहे.

म्हणून प्रशिक्षण निवडण्यापूर्वी आपल्या शेतावर काय घडू शकते याची यादी स्वतः करावी. आवण काढताना व पेंढा हलविताना सर्पदंश, फवारणीत विषबाधा, ओल्या हाताने मोटार चालू करताना विजेचा धक्का, कापणीत विळ्याची जखम. यातील जे प्रशिक्षक शिकवणार नसतील, ते आपणहून मागून घ्यावे.

सर्पदंशाबाबत प्रशिक्षकाची परीक्षा सहज घेता येते. दंशाची जागा कापा, चोखा किंवा वर दोरी आवळा, असे कोणी शिकवीत असेल तर ते प्रशिक्षण सोडून द्यावे. योग्य पद्धत अशी : रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, हाडमोडीत बांधतो तशी फळी बांधून अवयव स्थिर ठेवावा आणि थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. साप पकडून नेण्याची गरज नाही. मण्यारीचा दंश बरेचदा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास होतो आणि खूणही दिसत नाही. पहाटे पापण्या जड होत असतील तर झोपेची गुंगी समजू नये. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध प्रभावी ठरविले, पण तेही डॉक्टरांनीच द्यावयाचे.

विषबाधेचा धडा तर महागात पडलेला आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस जणांचा मृत्यू झाला आणि शेकडोंना रुग्णालयात ठेवावे लागले. डोकेदुखी, मळमळ, लाळ, घाम आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसताच काम थांबवून कपडे उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे, शुद्ध हरपत असल्यास कुशीवर निजवावे. स्वतःहून उलटी करवू नये. डब्यावरील लेबलात विषाची तीव्रता दर्शविणारा रंगीत त्रिकोण आणि उतारा दिलेला असतो. तो डबा डॉक्टरांकडे न्यावाच. प्रशिक्षणात लेबल वाचायला शिकविले जाते की नाही, हे अवश्य विचारावे.

छातीदाबाचा सराव मात्र पुतळ्यावर, गुडघ्यावर बसूनच झाला पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबणे भाषण ऐकून येत नाही. मी स्वतः एका ठिकाणी दोन तासांच्या व्याख्यानानंतर प्रमाणपत्र घेऊन आलो होतो. पुतळा पेटीतून बाहेरही आला नव्हता. विजेच्या धक्क्यात आधी मुख्य स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा, हेही हातांनी करून पाहावे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी व ती सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती ठेवण्याची तरतूद होती. शेतावर कोणी तपासायला येत नाही. दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रशिक्षकास मृगापूर्वी गावात बोलवावे, शेतमजूर स्त्रियांना त्यात आवर्जून बसवावे. लावणीत सर्वांत जास्त वेळ चिखलात त्याच असतात. प्रतिसर्पविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते हे आधीच विचारून, त्याचा क्रमांक व १०८ मोटारीच्या खोपीवर ठळक रंगवून घ्यावा.