लेकराला टेस्टला बसवावं का?

मी उमरीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. सोयाबीन विकून चार पैसे हाती आले की पालकांच्या फेऱ्या सुरू होतात. नांदेडच्या नाहीतर लातूरच्या कुठल्या तरी क्लासची टेस्ट सिरीज निघालेली असते आणि विचारणं एकच असतं, “मॅडम, लेकराला टेस्टला बसवावं का?” याला सरसकट हो किंवा नाही म्हणणं मला जमत नाही. इतक्या वर्षांत जे कळलं, ते सांगते.

१. परीक्षा कोणती, हे आधी विचारा. नीट कागदावर होते, गोळे पेनाने भरायचे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांनी सलग तीन तास संगणकासमोर बसून काहीच सोडवलेलं नसतं. सीईटीत पहिल्या दीड तासात फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, मग तो भाग बंद आणि पुढच्या दीड तासात गणित किंवा बायोलॉजी. राहिलेला प्रश्न शेवटी बघू म्हणणारं पोरगं इथे अडकतं. म्हणून सीईटी देणाऱ्याने संगणकावर एकदा तरी सराव परीक्षा द्यावीच. नीट-जेईई घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा फुकट आहेत. माउस धरायची सवय त्यांवर होते, त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

२. अकरावीच्या दिवाळीत पूर्ण पेपर नको. नीटचा ७२० मार्कांचा पेपर दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमावर असतो. बारावीची पुस्तकं उघडायच्या आधी मिळालेल्या दीडशे मार्कांवरून मुलाची कुवत कळत नाही, पण घरात आठवडाभर सुतक पाळलं जातं. त्या वयाला शिकून झालेल्या धड्यांची छोटी चाचणी पुरते.

३. टेस्टचा दुसरा दिवस मोकळा नसेल तर टेस्ट देऊ नका. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे. रविवारी सकाळी गाडीने नांदेड, दुपारी पेपर, रात्री परत आणि सोमवारी कॉलेज. मग तो पेपर दप्तरात तसाच पडून राहतो. पुढच्या रविवारी नवा पेपर, पुन्हा त्याच चुका.

दुसऱ्या दिवशी काय करायचं, तेही सांगते. मुलाने पेपर सोडवतानाच शंका असलेल्या प्रश्नापुढे टिंब द्यावं. नंतर फक्त टिंबांचे प्रश्न वेगळे काढून त्यांतले किती बरोबर आले ते मोजावं. नीटला बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं की एक वजा. म्हणजे अशा पाच प्रश्नांत एक बरोबर आला तर हिशेब शून्यावर येतो, दोन आले तर पाच मार्क जास्तीचे. आपला अंदाज किती खरा ठरतो, हे पुस्तक वाचून कधीच कळत नाही. भीतीने गोळे कोरे सोडणाऱ्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत आणि बेधडक सगळे गोळे रंगवणारी मुलंही. दोघांनाही हा हिशेब स्वतःच्या पेपरावर मांडून दाखवला की पटतो. सीईटीला वजा मार्क नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

मग चुकलेले प्रश्न घ्या. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं लेकरू अकरावीत एकदम इंग्रजीत येतं. चुकलेला प्रश्न मी मराठीत वाचून दाखवते. पुष्कळदा उत्तर तोंडावर असतं! ती चूक अभ्यासाची नसते, वाचण्याची असते आणि तिचा इलाज वेगळा. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, हे कित्येक पालकांना माहीत नसतं. मात्र तो निर्णय फॉर्म भरण्याआधी, दोन्ही भाषांत एकेक पेपर सोडवून घ्यावा.

४. जुने गठ्ठे तपासून घ्या. २०२१ ते २०२४ च्या नीटमध्ये २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे होते. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, पर्याय नाही. थोरल्या भावाचे पेपर प्रश्नांसाठी वापरा, वेळेच्या सरावासाठी नको.

५. दहावीच्या सुट्टीतली ‘स्कॉलरशिप टेस्ट’ ही प्रवेशाची जाहिरात असते. मुलाला बसवायला हरकत नाही. पण फी किती झेपते, हा आकडा नवरा-बायकोने घरी ठरवून मगच निकाल ऐकायला जावं. ‘चाळीस टक्के सूट मिळाली’ या आनंदात उरलेल्या साठ टक्क्यांसाठी जमिनीचा तुकडा गहाण पडलेला मी पाहिला आहे.

६. “लातूरची पोरं रोज टेस्ट देतात,” असं मला ऐकवतात. देतात, खरं आहे. पण राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांनी बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांच्या काळात लातूर पॅटर्नचं नाव केलं, ते नुसत्या परीक्षा घेऊन नाही. पेपर तपासून देणारे, चूक समजावून पुन्हा लिहून घेणारे शिक्षक त्यामागे होते. तो भाग वगळून फक्त परीक्षा उचलली तर हाती थकवा येतो.

७. लेकरू नको म्हणत असेल तर ऐका. एका मुलीने सलग टेस्ट दिल्या, प्रत्येक वेळी मार्क नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले आणि शेवटी ती जेवेनाशी झाली. तिच्या आईला मी म्हटलं, “ताई, दोन महिने एकही टेस्ट नको आणि मार्क कुणाला सांगू नका.” ती धडे वाचत राहिली. नंतर तिनेच येऊन पेपर मागितला. एक मात्र बघा: मूल टेस्टला नको म्हणतंय की या अभ्यासालाच, हे शांतपणे विचारून घ्या. दुसरं असेल तर तो प्रश्न टेस्टचा नाही, बापाच्या इच्छेचा आहे, आणि त्यावर घरात बोलणं लवकर झालेलं बरं. झोप उडाली असेल, बोलणं बंद झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. परीक्षा दरवर्षी येते.

८. बोर्डाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हे सगळं बंद. बोर्ड संपल्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यातल्या नीटपर्यंत साधारण महिना-दीड महिना मिळतो, पूर्ण पेपरांची खरी वेळ तीच. आठवड्याला एक, फार तर दोन. नीट दुपारी दोन ते पाच असते आणि केंद्राचं दार दीडला बंद होतं, तेव्हा सरावही त्याच वेळेला करा, पहाटेच्या गारव्यात नको. एप्रिलच्या उन्हात जेवून तीन तास जागं राहणं हाही सरावाचाच भाग आहे. त्या दुपारी पाहुणे आले तर त्यांना ओसरीवर बसवा, टीव्ही बंद ठेवा आणि पाच वाजता मार्क विचारायच्या आधी पोराला पाणी द्या.