पोटाचा मुका मार : शस्त्रक्रियेविना उपचार

माडावरून पडणे, गुराने ढुशी देणे, सायकलची मूठ पोटात रुतणे अथवा वाहनाचा धक्का बसणे अशा अपघातांत कातडीवर ओरखडाही नसताना आतील यकृत किंवा प्लीहा (पाणथरी) फाटू शकते. पूर्वी अशा रुग्णाचे पोट उघडून फाटलेली प्लीहा काढून टाकण्याचा प्रघात होता. प्लीहेवाचून मनुष्य जगतो हे खरे. परंतु रक्तातील जंतूंचा नाश करण्याचे कार्य ती करीत असते. प्लीहा काढलेल्या अर्भकांना गंभीर जंतुसंसर्ग होतो, याकडे किंग व शूमेकर यांनी १९५२ साली लक्ष वेधले. पुढे १९६८ साली डॉ. उपाध्याय व डॉ. सिम्पसन यांनी टोरोंटो येथील बालरुग्णांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या फाटलेल्या प्लीहेतील रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो, ही गोष्ट त्यामुळे पुढे आली. सीटी स्कॅनच्या साहाय्याने इजा किती खोल आहे हे पाहता येऊ लागल्यावर प्रौढांसाठीही ही पद्धती रूढ झाली.

तथापि शस्त्रक्रिया न करणे म्हणजे उपचार न करणे नव्हे. रुग्णाची नाडी व रक्तदाब स्थिर असावा आणि आतडे फुटल्याचे चिन्ह नसावे, या अटींवरच हा मार्ग स्वीकारला जातो. रुग्णास रुग्णालयात ठेवून नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन व पोट यांची वारंवार तपासणी होते. रक्त व शस्त्रक्रियागृह सिद्ध ठेवावे लागते. काही रुग्णांत रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन वाहती शाखा बंद करता येते. रक्तदाब घसरला अथवा पोट ताठ झाले, तर शस्त्रक्रिया टाळता येत नाही.

यावरून हे उघड आहे की, असा उपचार घरी होऊ शकत नाही. पोटदुखी वाढणे, पोट फुगणे, उलटी, चक्कर, थंड घाम किंवा डाव्या खांद्यात वेदना ही धोक्याची चिन्हे होत. परंतु ती दिसण्याची वाट पाहू नये. पोट चोळू नये, शेकू नये. पेज, पाणी अथवा दारू देऊ नये. रुग्णास निजवून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात न्यावे व मार कधी आणि कसा लागला ते डॉक्टरांस सांगावे. पोटात शस्त्र रुतले असल्यास ते उपसू नये. आतडे बाहेर आल्यास आत न ढकलता स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे.

शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे की, सायकलवरून पडलेले मूल भीतीपोटी मार लपविते. त्यास न रागावता विचारावे.

घरी परतल्यावरही जखम पूर्ण भरलेली नसते. काही दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांची अनुज्ञा मिळेपर्यंत झाडावर चढणे, ओझे उचलणे व धसमुसळे खेळ वर्ज्य करावेत. पोट पुन्हा दुखू लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.