छंदाची वेबसाइट: गल्ला रिकामा, शिकणं पक्कं

व्हिडिओतला मुद्दा इथे थोडक्यात.

दुकानाची वेबसाइट करायला बसलो तेव्हा मला काहीच येत नव्हतं. म्हणून आधी छंदाचं एक पान केलं. श्रीपूर म्हणजे उसाचा पट्टा. खोडवा, पाचट, वाढं, मोळी असे आपले शब्द अर्थासह लिहिले. जाहिरात नाही, विक्री नाही. एकदा मोबाइल बिघडला आणि सगळं गेलं, कारण कॉपी ठेवली नव्हती. हाच धडा दुकानाच्या हिशेबात झाला असता तर?

मराठी विकिपीडियाही 1 मे 2003 पासून असाच उभा राहिला: लिहिणारे स्वयंसेवक, जाहिरात शून्य.

तुम्ही काय कराल?

1. आपल्याला खरंच माहीत असलेला एकच विषय घ्या.
2. साधी एचटीएमएल फाइल बनवा. गिटहब पेजेसवर ती फुकट ठेवता येते. पण तिथे ऑनलाइन धंदा चालवायला परवानगी नाही. दुकानासाठी वेगळं होस्टिंग घ्या.
3. कॉपी पेनड्राइव्हवर ठेवाच. 2009 मध्ये जिओसिटीज बंद झालं, तेव्हा असंख्य हौशी पानं गेली.

इथे चुकलात तर गिऱ्हाईक तुटत नाही. म्हणून आधी इथेच चुका!